हौदा कमावतो, केबिनचे काय?

१९८० च्या दशकात मी बँकेच्या ज्या शाखेत होतो ती महामार्गालगतच्या एका तालुक्याच्या गावी होती. भोवताली उसाचा पट्टा, त्यामुळे ट्रकसाठी कर्ज मागणाऱ्यांची कमतरता नव्हती. लहान वाहतूकदार अग्रक्रमाच्या क्षेत्रात मोडत आणि अशी कर्जे देण्याचे उद्दिष्ट आम्हाला वरून ठरवून दिलेले असे. प्रत्येक कर्जप्रकरणाला दोन कोटेशने जोडलेली असत. एक कंपनीच्या चासीचे आणि दुसरे बॉडी बांधणाऱ्याचे. आपल्याकडे तेव्हा बहुतेक ट्रक कारखान्यातून अर्धेच बाहेर पडत. इंजिन, चाके, स्टिअरिंग आणि समोरचा दर्शनी पत्रा एवढेच कंपनी देई. उरलेला ट्रक ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधून घ्यायचा. डोक्याला टॉवेल गुंडाळून, उघड्या चासीवर बसून, शेकडो मैल वारा खात जाणारा ड्रायव्हर त्या काळी हमरस्त्यावर हटकून दिसे.

एकदा असेच एक कोटेशन माझ्यापुढे आले. हौद्याचे फाळके, लोखंडी पट्ट्या, ताडपत्री अडकवण्याच्या कड्या या सगळ्यांचा तपशील होता. केबिनची रक्कम मात्र सर्वांत लहान. लाकडी सांगाडा, त्यावर पातळ पत्रा, बसायला फळीचे बाक. मी त्या अर्जदाराला विचारले, ‘‘अहो, ट्रक तुम्ही स्वतःच चालवणार ना? मग हौद्याला एवढे आणि केबिनला एवढेच?’’

तो शांतपणे म्हणाला, ‘‘साहेब, हौदा पैसे मिळवतो. केबिन काय मिळवणार?’’

बँकेच्या माणसाला याहून पटणारे उत्तर कोणते असणार? मी सही केली.

निवृत्तीनंतर मला जुन्या अवजड ट्रकांविषयी वाचण्याचा नाद लागला. इंग्लंड-अमेरिकेत असे ट्रक हौसेने जतन करणाऱ्यांचा मोठा परिवार आहे. अमेरिकेत तर अशा ट्रकांच्या इतिहासाला वाहिलेली संस्था १९७१ सालापासून काम करते आहे. या मंडळींत एक वाद वर्षानुवर्षे चालू आहे, आणि तो आपल्याकडच्या ‘चहा की कॉफी’सारखा न संपणारा आहे. जुन्या ट्रकची केबिन आणि बॉनेट पत्र्याचे चांगले की फायबरचे? प्रथमदर्शनी हा रिकामपणचा उद्योग वाटेल. मलाही वाटला होता. पण वाचता वाचता त्या अर्जदाराचे वाक्य मला पुनःपुन्हा आठवू लागले.

आधी फायबर म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. काचेचे बारीक तंतू आणि त्यांना धरून ठेवणारी पॉलिएस्टरची राळ यांचा हा संसार. आधी हव्या त्या आकाराचा साचा करायचा. साच्यात रंगीत राळेचा गुळगुळीत थर द्यायचा, त्यावर काचतंतूंची चटई पसरायची, राळ ओतायची आणि रुळाने दाबून हवा काढून टाकायची. राळ घट्ट झाली की तुकडा साच्यातून सोडवून घ्यायचा. गणपतीचे साचे पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी या पदार्थाचा वापर वाढला आणि युद्धानंतर तो होड्या, मोटारी यांच्याकडे वळला. १९५३ साली अमेरिकेत शेव्हरोलेची कॉर्व्हेट ही मोटार फायबरच्या अंगाने बाजारात आली. ट्रकवाले मग मागे कसे राहतील?

पत्र्याचा हिशेब वेगळा असतो. पोलादी पत्र्याला वळणदार आकार द्यायचा तर प्रचंड दाबयंत्रे आणि पोलादाचेच साचे लागतात. त्यांचा खर्च असा असतो की एकसारख्या हजारो केबिनी काढल्या तरच तो वसूल व्हावा. वर्षाला मोजकेच ट्रक बनवणाऱ्या कारखान्याला हे परवडत नाही. फायबरचा साचा त्या मानाने स्वस्त, कामाला कुशल हात असले की पुरे.

हा हिशेब प्रत्यक्षात कसा मांडला गेला ते पाहायचे असेल तर इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यातल्या सँडबॅच या छोट्या गावी जावे लागेल. तिथे फोडेन नावाच्या घराण्याचा ट्रकचा कारखाना होता. पूर्वी तो वाफेवर चालणाऱ्या गाड्या बनवी. पुढचा काळ डिझेलचा आहे असे म्हणणारे एडविन रिचर्ड फोडेन घरच्या कारखान्यातून बाहेर पडले आणि १९३३ साली त्यांनी त्याच गावात आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा ‘ईआरएफ’ हा दुसरा कारखाना काढला. भाऊबंदकी आपल्याकडेच असते असे कोणी समजू नये! गंमत अशी की केबिनच्या बाबतीत दोन्ही पाती एकाच निष्कर्षाला आली. फोडेनने १९५८ साली फायबरची गोलमटोल केबिन आणली. तिचे चेहरेपण पाहून लोकांनी तिला ‘मिकी माऊस’ म्हणायला सुरुवात केली. ईआरएफची फायबर केबिन १९६२ साली आली. प्रेस्टनजवळच्या ॲटकिन्सन कंपनीनेही फायबरच धरले. वॉटफर्डच्या स्कॅमेल कंपनीने तर आपल्या फायबर केबिनचे रूप ठरवायला जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन कलावंताला बोलावले. हा तोच मिकेलोत्ती, ज्याने रेखलेली हेराल्ड मोटार १९६० च्या दशकात मद्रासला तयार होऊन आपल्या रस्त्यांवर ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने धावत होती. ज्यांच्या घरी ती होती त्यांना तिची आठवण सांगायला नको.

फायबरच्या बाजूने आणखी एक मोठा मुद्दा होता, गंजाचा. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात. ते मीठ पत्र्याच्या सांध्यांत शिरते आणि आतून पोखरत जाते. रत्नागिरी-मालवणकडच्या वाचकांना खारा वारा पत्र्याचे काय करतो हे माहीत आहे. फायबरला गंज ठाऊक नाही. कोपरा फुटला तर चटईचा तुकडा लावून, राळ ओतून, कुठल्याही आवारात दुरुस्ती करता येते. १९६४ साली लेलँड समूहाने पुढे कलंडणारी पोलादी केबिन आणली. ती दिसायला आधुनिक, पण आज जुन्या ट्रकांचे शौकीन तिच्या गंजाच्या कहाण्या सांगताना थकत नाहीत.

मग फायबरची बाजू जिंकली म्हणायची का? तसेही नाही. यातली मेख अशी की फायबर म्हणजे नुसती कातडी. कातडीला आतून हाडे लागतात. ॲटकिन्सनच्या केबिनीत ही हाडे लाकडाची होती. बाहेरून चकचकीत, कधीही न गंजणारी कातडी आणि आत ओल धरून हळूहळू कुजणारे लाकूड. आज असा ट्रक जतन करायला घेणाऱ्याला दार उघडले की पहिला धक्का इथेच बसतो. आणि धडक झाली तर? पत्रा वाकतो, दबतो, चेपतो आणि या चेपण्यात धक्क्याचा काही भाग जिरवतो. साधे हातकामाचे फायबर वाकत नाही, ते तडकते आणि फाटते. आग लागली तर पॉलिएस्टरची राळ जळते, हाही भाग आहेच.

इथे अटलांटिक ओलांडून अमेरिकेकडे पाहणे उपयोगाचे ठरेल, कारण तिथे फायबर आले ते केबिनवर कमी आणि बॉनेटवर जास्त. मॅक कंपनीच्या ‘बी’ मालिकेचे ट्रक १९५३ ते १९६६ या काळात सव्वा लाखाहून अधिक बनले. त्यांचे पोलादी बॉनेट फुलपाखराच्या पंखांसारखे दोन्ही बाजूंनी उघडे. मेकॅनिकने मडगार्डवर ओणवे होऊन आत हात घालायचा. १९६० च्या दशकाच्या मध्यावर ‘आर’ मालिका आली आणि तिच्यात बॉनेट व मडगार्ड मिळून फायबरचा एकच तुकडा झाला. तो अख्खाच्या अख्खा पुढे कलंडे आणि सगळे इंजिन मोकळे होई. एवढा मोठा तुकडा पत्र्याचा असता तर एकट्या माणसाला तो कलंडवणे जड गेले असते. शिवाय वजन वाचले. अमेरिकेत १९५६ पासून आंतरराज्य महामार्गांवर एकूण वजनाची मर्यादा ७३,२८० पौंड होती. १९७४ साली ती ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टन झाली. मर्यादा ठरलेली असेल तर ट्रकच्या अंगावरून कमी केलेला प्रत्येक पौंड मालाचा पौंड होऊन परत येतो. हौदा पैसे मिळवतो, ते असे.

मला वाटते, या सगळ्या वादाची किल्ली इथे आहे. बॉनेट आणि केबिन यांना आपण एका दमात मोजतो, पण त्या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. बॉनेट हे इंजिनावरचे झाकण आहे. झाकण हलके असावे, गंजू नये, सहज उघडावे. तिथे फायबर उत्तमच. केबिन हे माणसाचे घर आहे. तो तिथे दिवसाचे दहा-बारा तास बसतो, कित्येकदा तिथेच झोपतो, आणि वाईट वेळ आली तर तिथेच अडकतो. त्यामुळे केबिनच्या बाबतीत पत्रा की फायबर यापेक्षा आतला सांगाडा कशाचा आणि तो किती सोसणार, हे आधी विचारले पाहिजे.

हा प्रश्न कायद्याने आधी विचारला तो स्वीडनने. तिथे १९६० च्या दशकातच केबिनची परीक्षा सुरू झाली होती. केबिनवर जड लोलक आपटायचा, टपावर टनावारी वजन ठेवायचे आणि आतल्या माणसाला जिवंत राहण्यापुरती जागा उरते का ते पाहायचे. स्वीडनच्या ट्रकांच्या पोलादी केबिनी या परीक्षेतून तावून-सुलाखून निघालेल्या. १९६७ च्या सुमारास व्होल्वो इंग्लंडात आली तेव्हा ड्रायव्हर लोकांना त्या केबिनी किती आवडल्या हे तिथले जुने लोक अजून सांगतात. १९७४ साली युरोपसाठी असाच सामाईक नियम आला. त्याच वर्षी सँडबॅचच्या ईआरएफने नवी केबिन आणली. तिचा सांगाडा पोलादाचा होता आणि वरचे पत्रे दाबून बनवलेल्या फायबरचे. हाडे पोलादाची, कातडी फायबरची! सोळा वर्षांच्या वादाचे उत्तर हे असे निघाले. या तोडग्यात नवलाची गोष्ट कोणतीच नव्हती. आतल्या माणसाला हिशेबात धरल्याबरोबर तो आपोआप सुचला, एवढेच.

पुढे काळाने दोन्ही कारखाने गिळले. फोडेन १९८० साली अमेरिकन कंपनीकडे गेली आणि २००६ साली हे नाव थांबले. ईआरएफ २००० साली जर्मन कंपनीच्या हाती गेली आणि २००७ साली तिचाही शेवट झाला. मागे राहिले ते हौशी मंडळींनी जपलेले ट्रक. म्हणून ही मंडळी काय जपतात याला महत्त्व आहे. काही जण कुजलेले लाकूड काढून त्या जागी पोलादी चौकट घालतात. काही जण गंजलेल्या पत्र्याच्या जागी फायबरचे नवे मडगार्ड बसवतात. रंग दिल्यावर फरक ओळखू येत नाही. कर्मठ मंडळी यावर नाराज होतात. माझे मत विचाराल तर रस्त्यावर धावणाऱ्या ट्रकमध्ये जीव वाचवणारा बदल करण्यात पाप नाही, पण तो केल्याची नोंद ठेवावी. जुना ट्रक हा एक दस्तऐवज आहे. ‘आमच्या ड्रायव्हरला आम्ही लाकूड आणि राळ यांच्या पेटीत बसवत होतो’, ही कबुली त्यात लिहिलेली आहे. खाडाखोड केली तर शेजारी सही हवी, हा आमच्या बँकेतला साधा नियम होता.

फायबरची आणखी एक बाजू सहसा बोलली जात नाही. राळेतून निघणारा स्टायरीनचा वास त्या कामगारांच्या श्वासात वर्षानुवर्षे जात होता. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८ साली स्टायरीनची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ पदार्थांत केली. शिवाय पोलाद भंगारात गेले तरी वितळून पुन्हा पोलाद होते. एकदा घट्ट झालेली राळ पुन्हा वितळत नाही. गंजत नाही हा फायबरचा गुण, आणि सरतही नाही हा त्याचा दोष.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे पत्रा विरुद्ध फायबर असा वाद फारसा रंगला नाही, कारण आपली केबिन मुळात सुताराची. टाटा-मर्सिडीजचे ट्रक १९५४ पासून जमशेदपूरला बनू लागले, मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरचे डॉज आणि फार्गो बनत. पण त्यांच्या पाठीवर उभी राहणारी केबिन अनेकदा कुणा गावच्या मिस्त्रीची असे. तमिळनाडूतल्या नामक्कलपासून पंजाबपर्यंत या कारागिरीची केंद्रे उभी राहिली. त्यांच्या हातातली कला मी कमी लेखत नाही. नक्षी, रंग, झालरी, देवाची तसबीर, सगळे काही त्या केबिनीत होते. एकच गोष्ट नव्हती, समोरून धडक बसली तर ड्रायव्हरच्या गुडघ्यांपुढे उभी राहील अशी चौकट.

हे चित्र बदलते आहे हे मान्य केले पाहिजे. केबिनीत माणूस जगेल एवढी जागा उरली पाहिजे, असे मानक आपल्याकडेही आहे. ट्रकच्या केबिन आणि बॉडीच्या बांधणीची संहिता तयार झाली. आपल्या एसटीनेही २०१८ च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या जुन्या बांधणीऐवजी पोलादी बांधणीकडे वळायला सुरुवात केली. आणि डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून साडेतीन टनांवरच्या नव्या मालट्रकांच्या केबिनी वातानुकूलित असाव्यात असे बंधन घातले. ते २०२५ पासूनच्या ट्रकांना लागू झाले. ‘ड्रायव्हरला कशाला हवा एसी? झोप येईल त्याला!’ हा शेरा मी एका लग्नाच्या पंगतीत ऐकला. बोलणारे गृहस्थ स्वतः वातानुकूलित मोटारीतून आले होते. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात इंजिनाला खेटून बसणाऱ्या माणसाला झोप एसीने येते की उष्म्याने आलेल्या थकव्याने, याचा विचार त्यांनी केला नसावा. थंड हवा आत टिकवायची तर केबिन बंदिस्त आणि नीट बांधलेली लागते. फटींतून आकाश दिसणाऱ्या फळ्यांच्या केबिनीत एसीचा उपयोग नाही. म्हणजे हा नियम दिसायला गारव्याचा असला तरी त्यामुळे केबिनच्या बांधणीचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर येतो. मात्र तो फक्त नव्या ट्रकांपुरता आहे. रस्त्यावरचे जुने ट्रक अजून बरीच वर्षे धावतील आणि त्यांतले ड्रायव्हर त्याच जुन्या केबिनीत बसतील. त्यांच्यासाठी पासिंगच्या वेळी दिवे, ब्रेक यांच्याबरोबर केबिनच्या सांगाड्याचीही खरीखुरी तपासणी व्हावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

दुसरी गोष्ट आठवणींची. जुलै २०२१ मध्ये आपल्याकडे ‘व्हिंटेज’ वाहनांचे नियम झाले. ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनाला मानाची वेगळी नोंदणी मिळते. परंतु ही सोय दुचाकींना आणि प्रवासी मोटारींना आहे. मालट्रक त्या व्याख्येत बसत नाही. संस्थानिकाची मोटार वारसा ठरते, आणि ज्याने धरणांचे सिमेंट वाहिले, दुष्काळात धान्य पोचवले, तो ट्रक भंगार ठरतो. इंग्लंडात ४० वर्षांहून जुना, धंद्यासाठी न वापरला जाणारा ट्रकही वाहनकरातून सुटतो. आपल्याकडे सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले. धूर ओकणाऱ्या जुन्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात याबद्दल दुमत नाही. पण प्रत्येक प्रकारचा एखादा तरी ट्रक, त्याच्या लाकडी केबिनीसकट, कुठेतरी छपराखाली राहावा. नियमाच्या व्याख्येत मालवाहू वाहनांचा वर्ग जोडला, तर निदान हौशी माणसाला तो जपण्याची वाट मोकळी होईल.

आमच्याकडे तारण ट्रकच्या तपासणीचा छापील फॉर्म असे. इंजिन नंबर, चासी नंबर, टायरची स्थिती, विम्याची मुदत, सगळ्यांना रकाने होते. केबिनला रकाना नव्हता. तरी ट्रक बँकेकडे तारण आहे हे सांगणारी पाटी रंगवण्यासाठी आम्ही जागा निवडत असू ती नेमकी केबिनचीच, कारण ती सगळ्यांना दिसे. त्या पाटीमागे फळीच्या बाकावर बसलेल्या माणसाची विचारपूस मीही कधी केली नाही. हप्ता वेळेवर येत होता. माझ्यापुरता प्रश्न तिथे संपत होता.